तबकडी एक, मालक अनेक

ज्या शाळेत दोन पाळ्या भरतात, तेथील शिक्षकांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. बाक दोन्ही पाळ्यांना एकच असतो. सकाळी त्यावर पाचवीतला मुलगा बसतो, दुपारी आठवीतला. दोघांनाही बाक आपलाच वाटतो आणि त्यात काही बिघडत नाही. फळ्याचेही तसेच. सकाळचा फळा पुसला की दुपारचा तयार. पण कपाटाचे काय? सकाळच्या बाईंनी तपासलेल्या वह्या दुपारी पुसून टाकता येत नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी जागेवर हव्यात आणि मधल्या वेळात दुसऱ्या कोणाच्या हाती लागता कामा नयेत. म्हणजे बाकाची वाटणी वेळेने होते, कपाटाची मात्र जागेनेच करावी लागते. खण ठरवावे लागतात, कुलपे लावावी लागतात, आणि किल्ल्यांचा जुडगा कोणाकडे राहील हेही ठरवावे लागते. आमच्या शाळेत या शेवटच्या मुद्द्यावरून जेवढे वाद झाले, तेवढे वेळापत्रकावरूनही झाले नाहीत.

संगणकाच्या इतिहासातही हा कपाटाचा प्रश्न आहे. एका मोठ्या यंत्रात अनेक स्वतंत्र यंत्रे असल्याचा आभास निर्माण करण्याचे तंत्र आज सर्वत्र वापरले जाते. बँकेचा किंवा रेल्वे आरक्षणाचा सर्व्हर म्हणून आपण ज्याची कल्पना करतो, तो बहुधा असा एखाद्या मोठ्या यंत्राचा तुकडाच असतो. या तंत्राचा इतिहास सांगताना प्रोसेसरचा वेळ कसा वाटला आणि स्मृती कशी वाटली, हे रंगवून सांगतात. तबकडीची वाटणी एका वाक्यात उरकतात. मला वाटते, खरी परीक्षा तेथेच होती. प्रोसेसरच्या वाटणीत चूक झाली तर काम रेंगाळते किंवा फार तर बंद पडते. तबकडीच्या वाटणीत चूक झाली तर कोणाची तरी साठवलेली माहिती कायमची जाते.

गोष्ट सुरू होते १९६० च्या दशकात. त्या वेळी संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. आपला प्रोग्रॅम पंच केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर लिहायचा, खिडकीवर द्यायचा आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तराचे कागद घ्यायला जायचे. एक स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने १९६१ साली एक निराळी पद्धत करून दाखवली. यंत्राने एकाचे काम क्षणभर करायचे, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. यंत्र एवढे वेगवान की प्रत्येकाला वाटावे, यंत्र माझ्याशीच बोलत आहे. याला काळवाटप म्हणता येईल. स्मृतीच्या बाबतीत इंग्लंडमधील मँचेस्टरच्या ॲटलस यंत्राने १९६२ साली असाच चमत्कार केला. स्मृतीची छोटी छोटी पाने करून, नको असलेली पाने फिरत्या चुंबकीय ड्रमवर ठेवून, लागतील तेव्हा ती परत आणायची. खरी स्मृती १६ हजार शब्दांची, ड्रमवर ९६ हजार शब्दांची जागा, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटे की सगळी एकच मोठी स्मृती आहे.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. ती धंद्याच्या दृष्टीने अतिशय यशस्वी झाली, पण तिच्यात स्मृतीची पाने उलटसुलट लावण्याची सोय नव्हती. एमआयटीला काळवाटपाच्या पुढच्या प्रकल्पासाठी ती हवी होती. त्यांनी आयबीएमला बाजूला सारून जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र निवडले. आयबीएमला हे चांगलेच झोंबले.

मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज या गावी, एमआयटीचा तो प्रकल्प ज्या इमारतीत होता त्याच इमारतीत, आयबीएमचे एक लहानसे वैज्ञानिक केंद्र १९६४ सालीच सुरू झाले होते. नॉर्मन रॅसमुसेन हे त्याचे प्रमुख. तेथे रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी एक वेगळीच वाट धरली. प्रत्येक माणसाला यंत्राचा थोडा वेळ देण्याऐवजी त्याला एक अख्खे सिस्टिम/३६० यंत्रच द्यावे, अर्थात आभासी! त्याची स्वतःची स्मृती, स्वतःचा कार्डवाचक, स्वतःचा छपाईयंत्र, स्वतःच्या तबकड्या. त्या यंत्रावर त्याने कोणतीही कार्यप्रणाली चालवावी, बिघडवावी, पुन्हा सुरू करावी; शेजाऱ्याला पत्ता लागू नये. खास बदल केलेल्या मॉडेल ४० यंत्रावर ही प्रणाली बांधली गेली. तिचे नाव सीपी-४०, यातला सीपी म्हणजे कंट्रोल प्रोग्रॅम. जानेवारी १९६७ मध्ये ती रोजच्या वापरात आली. एका खऱ्या यंत्रावर एकाच वेळी १४ आभासी यंत्रे चालत, आणि प्रत्येकाला २५६ किलोबाइट स्मृती आपली वाटे. आज मोबाइलने काढलेला एखादा फोटो याहून मोठा असतो.

कार्यप्रणालीच्या गाभ्याला त्या काळी ‘सुपरव्हायझर’ म्हणत. त्याच्याही वर बसून अनेक सुपरव्हायझरना खेळवणारा म्हणून अशा प्रोग्रॅमला पुढे ‘हायपरव्हायजर’ हे नाव रूढ झाले. शाळेच्या भाषेत पर्यवेक्षकांच्या वरचे मुख्याध्यापक म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की येथे प्रत्येक पर्यवेक्षकाला आपणच मुख्याध्यापक आहोत असे वाटत असते.

आता तबकडीकडे येऊ. सिस्टिम/३६० बरोबर मिळणारी २३११ ही तबकडी डोळ्यांसमोर आणा. एका दांड्यावर एकाखाली एक बसवलेल्या चकत्या, त्यांचे वापरायचे १० पृष्ठभाग. प्रत्येक पृष्ठभागावर एकात एक अशी २०० वर्तुळे. सगळ्या पृष्ठभागांवरची सारख्या त्रिज्येची वर्तुळे मिळून एक सिलिंडर होतो, म्हणजे एकूण २०० सिलिंडर. एका वर्तुळात ३६२५ बाइट मावत. विद्यार्थ्यांना गुणाकार करायला सांगा: ३६२५ गुणिले १० गुणिले २००, म्हणजे साडेबाहत्तर लाख बाइट. हेड पुढेमागे सरकून हव्या त्या सिलिंडरवर जात आणि तेथील माहिती वाचत किंवा लिहीत.

एवढी महागडी तबकडी प्रत्येकाला स्वतंत्र देणे शक्य नव्हते आणि गरजही नव्हती. एका माणसाला दहा सिलिंडर म्हणजे ३,६२,५०० बाइट मिळाले तरी पुरे. पानाला अडीच हजार अक्षरे धरली तर इंग्रजी पुस्तकाची जवळजवळ दीडशे पाने झाली. म्हणून तबकडीचे उभे तुकडे पाडले गेले. त्यांना नाव मिळाले मिनिडिस्क. समजा, एका माणसाला ४० ते ४९ हे सिलिंडर दिले. त्याची कार्यप्रणाली समजते की आपल्याकडे ० ते ९ अशा दहा सिलिंडरांची छोटी, पण अख्खी तबकडी आहे. ती म्हणते, “सिलिंडर ३ वर जा.” कंट्रोल प्रोग्रॅम त्यात ४० मिळवतो आणि खऱ्या तबकडीला सांगतो, “सिलिंडर ४३ वर जा.” ती म्हणाली, “सिलिंडर १० वर जा,” तर कंट्रोल प्रोग्रॅम उत्तर देतो की असा सिलिंडर या तबकडीवर नाही. एक बेरीज आणि एक तुलना, एवढ्यावर सगळी सुरक्षितता उभी होती.

पण मुळात ही बेरीज करण्याची संधी कशी मिळते? सिस्टिम/३६० मध्ये काही आज्ञा राखीव होत्या. तबकडीला काम सांगण्याची आज्ञा त्यांपैकीच एक. आभासी यंत्रातील प्रोग्रॅमने ती देताच प्रोसेसर आपोआप थबकतो आणि सूत्रे कंट्रोल प्रोग्रॅमकडे जातात. तो मागणी पाहतो, पत्ते बदलतो, खऱ्या उपकरणाकडून काम करून घेतो आणि मग आभासी यंत्राला सांगतो की तुझे काम झाले. मधे काय घडले याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसते.

यात एक मेख होती. तबकडीचे काम एका आज्ञेत होत नसे. स्मृतीत आज्ञांची एक यादीच तयार ठेवावी लागे: अमुक सिलिंडरवर जा, अमुक नोंद शोध, ती स्मृतीत अमुक जागी आण. ही यादी प्रोसेसरऐवजी चॅनल नावाचे वेगळे उपकरण वाचून अमलात आणी. चॅनलला आभास वगैरे काही कळत नसे. त्याला खरेच पत्ते हवेत. म्हणून कंट्रोल प्रोग्रॅम संपूर्ण यादीची नक्कल करी, नकलेत खरे पत्ते घाली आणि ती नक्कल चॅनलच्या हाती देई. बहुतेक वेळा हे छान चाले. परंतु आयबीएमच्याच कार्यप्रणालीतील फायली हाताळणारा एक भाग अतिशय चलाख होता. यादी अमलात येत असतानाच तो तबकडीवरून आणलेल्या माहितीने त्या यादीतल्या पुढच्या आज्ञा बदलून टाकी! साहेबांनी अर्जाची प्रत काढून मंजूर करून पुढे पाठवली आणि अर्जदार मूळ अर्जात खाडाखोड करीत बसला, असा प्रकार. बदल मूळ यादीत होई, चॅनल वाचत असे नक्कल. अशा प्रोग्रॅमसाठी पुढे मुद्दाम वेगळी सवलत ठेवावी लागली आणि ती कोणत्या आभासी यंत्राला आहे याची नोंद करावी लागली.

ही नोंद जेथे होई, ती डिरेक्टरी म्हणजे या प्रणालीचा सातबारा. कोणत्या माणसाला कोणत्या तबकडीवर, कितव्या सिलिंडरपासून, किती सिलिंडर, हे सर्व तिच्यात एकेका ओळीत लिहिलेले असे. माणसाच्या स्वतःच्या तबकडीला बहुधा १९१ हा क्रमांक देत. १९० क्रमांकाच्या तबकडीवर सीएमएस ही सर्वांना लागणारी छोटी कार्यप्रणाली असे आणि ती सर्वांना केवळ वाचण्यापुरती दिलेली असे. खऱ्या तबकडीवर तिची प्रत एकच, पण दिसे प्रत्येकाच्या यंत्रात. ग्रंथालयातला संदर्भग्रंथ जसा तेथेच बसून वाचायचा, तसे.

सातबाऱ्यावरून तंटे का होतात हे खेड्यातल्या शिक्षकांना सांगायला नको. येथेही तेच. नोंद करणाऱ्याने एकाला ४० पासून १० सिलिंडर दिले आणि नजरचुकीने दुसऱ्याला ४८ पासून दिले, तर ४८ आणि ४९ या सिलिंडरांना दोन मालक होतात. कंट्रोल प्रोग्रॅम प्रत्येकाची बेरीज आणि तुलना चोख करतो. दोघेही आपापल्या हद्दीतच असतात! काही दिवस काहीच होत नाही, कारण तबकडीचा शेवटचा भाग सहसा रिकामा असतो. मग एक दिवस पहिल्याची फाइल वाढत वाढत तेथे पोहोचते आणि दुसऱ्याच्या तबकडीची सुरुवातच पुसली जाते. यंत्र निर्दोष, दोष कागदाचा. पुढे डिरेक्टरी तपासून कोठे हद्दी एकमेकींवर चढल्या आहेत आणि कोठे जागा पडून आहे याचा तक्ता काढणारी खास आज्ञा आली, ती याच कारणासाठी.

२ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने ही कल्पना व्हीएम/३७० या नावाने रीतसर बाजारात आणली. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी कोणत्या यंत्राचे असे आभासीकरण करता येईल, याची गणिती अट मांडली. सोप्या शब्दांत, यंत्राच्या खऱ्या परिस्थितीला हात घालणारी प्रत्येक आज्ञा राखीव असली पाहिजे, म्हणजे ती येताच यंत्र थबकले पाहिजे. घरोघरी पोहोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांत ही अट पाळली गेली नव्हती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा सापडल्या. तरीही युक्त्या लढवून व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये त्यावर आभासी यंत्रे चालवून दाखवली होती. ती कथा स्वतंत्र लेखाची आहे.

आपण आयबीएमच्याच दुसऱ्या शाखेकडे, युनिक्स चालवणाऱ्या मोठ्या सर्व्हरकडे वळू. २००१ साली पी-६९० हे ३२ प्रोसेसरांचे यंत्र आले. त्याचे १६ पर्यंत विभाग पाडता येत. येथे वाटणी अगदी सरळ होती. हे प्रोसेसर तुझे, एवढी स्मृती तुझी, आणि तबकडीशी जोडणारे हे कार्ड, म्हणजे अडॅप्टर, सबंध तुझे. भावाभावांनी घराच्या खोल्या वाटून घ्याव्यात तसे. पण २००४ मध्ये पॉवर-५ प्रोसेसर आला आणि एका प्रोसेसरचा एक दशांश भागसुद्धा एखाद्या विभागाला देता येऊ लागला. एका यंत्रात २५४ पर्यंत विभाग! आता प्रत्येकाला स्वतंत्र अडॅप्टर द्यायचे तर तेवढी कार्डे खोचायला जागा कोठून आणायची? एक दशांश प्रोसेसर देता येतो. एक दशांश कार्ड कसे देणार?

उत्तर शाळेतल्या कपाटासारखेच निघाले. किल्ल्यांचा जुडगा एका शिपायाकडे द्यायचा. यंत्राचा एक विभाग केवळ याच कामासाठी राखून ठेवायचा. खरी कार्डे आणि खऱ्या तबकड्या त्याच्या ताब्यात. त्याचे नाव व्हर्च्युअल आय/ओ सर्व्हर. इतर विभागांना मिळतात ती आभासी अडॅप्टर कार्डे. ती स्कझी भाषेत बोलतात. तबकडी आणि संगणक यांनी एकमेकांशी कसे बोलावे याचा हा नियमसंच १९८६ साली अमेरिकेत प्रमाणित झाला होता. त्यामुळे विभागातल्या कार्यप्रणालीला नेहमीचीच तबकडी दिसते.

ही आभासी कार्डे नेहमी जोडीने असतात: एक टोक शिपायाच्या विभागात, दुसरे ग्राहक विभागात. प्रत्येक टोकाला एक खाचक्रमांक असतो. (० आणि १ हे क्रमांक आधीच दुसऱ्या कामाला गेलेले असतात.) शिपायाकडच्या टोकावर लिहायचे, “विभाग ५, खाच ३ यालाच उत्तर दे.” ग्राहकाकडच्या टोकावर लिहायचे, “विभाग १, खाच १५ याच्याशी बोल.” दोन्ही नोंदी जुळल्या की हायपरव्हायजर जोडणी करून देतो. ग्राहकाने माहिती मागितली की शिपाई ती खऱ्या तबकडीवरून काढतो आणि ती थेट ग्राहकाच्या स्मृतीत पोहोचते. शिपायाच्या टेबलावर तिचा ढीग साचत नाही.

नोंदी जुळल्या नाहीत तर काय? ग्राहक विभाग सुरूच होत नाही, कारण त्याला तबकडी दिसत नाही. ही चूक बरी, ती लगेच कळते. अवघड चूक वेगळीच. शिपायाकडच्या टोकावर “कोणताही विभाग चालेल” असेही लिहिता येते. घाईच्या वेळी ते सोयीचे वाटते, आणि मग त्या दारातून जो पहिला येईल त्याला आतली तबकडी मिळते. दुसरी गोष्ट विसराळूपणाची. यंत्र चालू असताना आभासी कार्ड जोडता येते, पण विभागाच्या कायमच्या नोंदपत्रात ते उतरवले नाही तर सहा महिन्यांनी विभाग बंद करून त्या नोंदपत्रावरून पुन्हा सुरू करताना ते नाहीसे झालेले असते. तोंडी मिळालेली परवानगी आणि लेखी आदेश यांतला फरक सरकारी शाळेतील शिक्षकांना चांगला ठाऊक आहे!

एक शिपाई आजारी पडला तर सगळी शाळा अडू नये म्हणून बहुतेक ठिकाणी दोन शिपाई ठेवतात, दोघांकडेही त्याच तबकड्यांच्या किल्ल्या. त्यासाठी “ही तबकडी आता माझी, दुसऱ्याला देऊ नको” असे म्हणण्याची स्कझीतील सवय आधी बंद करावी लागते. आणि येथे जुना सातबारा पुन्हा डोके वर काढतो. मोठ्या साठवणयंत्रातून एकाच आकाराच्या वीस तबकड्या दिलेल्या असतात. प्रत्येक शिपाई त्यांना ज्या क्रमाने भेटेल त्या क्रमाने नंबर देतो. एका शिपायाची ७ क्रमांकाची तबकडी ती दुसऱ्याची ९ क्रमांकाची असू शकते. नुसता क्रमांक पाहून ग्राहकाला तबकडी जोडून दिली, तर त्याच्या दोन वाटा दोन वेगळ्या तबकड्यांकडे जातात, आणि त्यांतली एक दुसऱ्याच कोणाची तरी असते. म्हणून जाणकार लोक क्रमांकावर विश्वास ठेवत नाहीत. तबकडीवर कोरलेली लांबलचक ओळखसंख्या अंक न् अंक जुळवून पाहतात.

पॉवर-६ यंत्रांच्या काळात यावर आणखी एक उपाय आला. खऱ्या तंतू-वाहिनीच्या एका कार्डातून अनेक आभासी कार्डांना स्वतःच्या नावाने बोलता यावे, असा. हे नाव म्हणजे ६४ बिटांची, सोळा षोडशमान अंकांत लिहिली जाणारी, जगात एकमेव असावी अशी संख्या. साठवणयंत्र आता थेट त्या नावाला ओळखते आणि त्याची तबकडी त्यालाच देते; शिपायाने मधे नंबर लावायची गरज उरत नाही. प्रत्येक आभासी कार्डाला अशी दोन नावे मिळतात. चालू विभाग एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात हलवताना काही काळ तो दोन्हीकडे ओळखला जावा लागतो, म्हणून दोन.

हायपरव्हायजर हे नाव एकदा दिले की पुन्हा कोणालाही देत नाही. योग्यच आहे, नाही तर मृताच्या नावावर दुसराच रेशन घेऊन जायचा. पण याचा अर्थ असाही होतो की आभासी कार्ड काढून टाकले आणि लगेच तसेच्या तसे नवे केले, तर खाच तीच, विभाग तोच, नाव मात्र नवे. साठवणयंत्र त्याला ओळखत नाही. माहिती तेथेच, सुरक्षित, पण मालक दाराबाहेर. अशा वेळी नवे नाव साठवणयंत्रात नोंदवून घ्यावे लागते, किंवा जुने नाव कोठेतरी लिहून ठेवले असेल तर नवे कार्ड करताना ते हाताने घालावे लागते. लिहून ठेवले असेल तर!

केंब्रिजच्या त्या मिनिडिस्कचे पुढे काय झाले? आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर व्हीएमचा वारस झेड/व्हीएम आजही चालतो, त्यात डिरेक्टरी आहे, तिच्यात सिलिंडरांच्या हद्दी लिहितात, आणि माणसाच्या पहिल्या तबकडीचा क्रमांक अजून १९१ च असतो. मात्र ज्या खऱ्या सिलिंडरांवर ही मोजणी बसवली होती ते आता कोठेच राहिलेले नाहीत. साठवणयंत्रात आत आहेत सरसकट ठोकळ्यांत लिहिणाऱ्या साध्या तबकड्या किंवा एकही चकती न फिरवणाऱ्या फ्लॅश चिपा, आणि १९८९ साली आलेल्या ३३९० या तबकडीचे सिलिंडर असल्याचे सोंग ते साठवणयंत्र वठवत असते. कंट्रोल प्रोग्रॅम बेरीज करून ज्या ‘खऱ्या’ तबकडीकडे बोट दाखवतो, तीही आभासीच.